शाळेच्या दारात दातांचा दवाखाना

मेलबर्नच्या उत्तरेचं क्रेगीबर्न 1872 साली रेल्वेच्या नकाशावर आलं, पण विजेवरची लोकल तिथवर पोचायला 2007 उजाडलं. 2021च्या जनगणनेत इथली वस्ती 65 हजारांवर गेली होती. त्यात भारतातून आलेली कुटुंबं भरपूर. मूल सरकारी शाळेत असेल, तर कधीतरी शाळेकडून संमतीपत्र येतं: ‘स्माइल स्क्वॉड’च्या केशरी व्हॅनमध्ये मुलाचे दात मोफत तपासू द्यायचे का? दाढ ठणकल्याशिवाय दवाखान्याची पायरी न चढणाऱ्या घरांत या कागदाचं नवल वाटतं. त्यामागे मात्र शंभर वर्षांची खटपट आहे.

तिची सुरुवात झाली शेजारच्या न्यूझीलंडमध्ये. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीला आलेल्या तरुणांचे किडलेले दात पाहून सरकारचे डोळे उघडले. थॉमस हंटर यांच्या पुढाकाराने 1921 मध्ये वेलिंग्टनला तरुण मुलींना दंतपरिचारिकेचं दोन वर्षांचं शिक्षण देणं सुरू झालं. पायाने चालवायच्या ड्रिलने त्या शाळेतच मुलांचे दात कोरून भरत. मुलं या दवाखान्यांना ‘मर्डर हाउस’ म्हणत! तरी ही पद्धत टिकली. 1966 मध्ये टास्मानियाने आणि पुढच्याच वर्षी दक्षिण ऑस्ट्रेलियाने ती उचलली. 1973 साली व्हिटलम सरकारने शालेय दंतयोजना देशभर नेली.

पाण्यानेही हातभार लावला. नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला ऑस्ट्रेलियात 1953 मध्ये टास्मानियातल्या बीकन्सफील्डपासून सुरुवात झाली; मेलबर्नला ते 1977 मध्ये मिळालं. त्या सुमारास 12 वर्षांच्या मुलाचे किडलेले, भरलेले किंवा काढलेले दात सरासरी जवळजवळ पाच असत. 1990च्या दशकात हा आकडा एकच्या आसपास आला. फ्लोराइडची टूथपेस्टही याच काळात घरोघरी पोचली होती.

मग सरकारने हात आखडला. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राने शालेय योजनेचा स्वतंत्र निधी बंद केला. 1984 मध्ये मेडिकेअर ही सरकारी आरोग्यविमा योजना आली, पण तिच्यात दातांचे उपचार नव्हते. 2014 पासून पात्र कुटुंबांतल्या मुलांना सरकारी खर्चाने दोन वर्षांसाठी ठरावीक रकमेचे दातांचे उपचार मिळू लागले. दात सरळ करणाऱ्या तारा त्यात बसत नाहीत. 2019 मध्ये व्हिक्टोरिया राज्याने ‘स्माइल स्क्वॉड’ सुरू करून दवाखाना पुन्हा शाळेच्या आवारात आणला.

घरची सवय मात्र घरातच बदलायला हवी. ब्रश झाल्यावर खळखळून चूळ भरायची, हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. इथले दंतवैद्य सांगतात, फेस थुंका, पण चूळ भरू नका. फ्लोराइड दातांवर राहू द्या. आणि ते संमतीपत्र आलं, तर मुलाची दाढ दुखण्याची वाट न बघता लगेच भरून पाठवा.