प्रादेशिक विमानसेवा, वैमानिकांचा अनुभव आणि १५०० तासांचा नियम

अमेरिकेतील कोणत्याही प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक म्हणून रुजू होण्यासाठी साधारणपणे १५०० उड्डाणतासांचा अनुभव लागतो. भारतात आणि युरोपात हीच जबाबदारी सुमारे २०० तासांच्या अनुभवावर मिळू शकते. अमेरिकेने एवढा कठोर निकष का स्वीकारला आणि त्यामुळे प्रवास खरोखरच सुरक्षित झाला का, हे समजून घ्यायचे तर २००९ मधील एका दुर्घटनेपासून सुरुवात करावी लागते.

बफेलोजवळची दुर्घटना

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री न्यूजर्सीतील नेवार्कहून न्यूयॉर्क राज्यातील बफेलोकडे निघालेले विमान उतरण्याच्या तयारीत असताना क्लॅरेन्स सेंटर या गावातील एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ जण आणि घरातील एक जण असे ५० जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये रवांडातील नरसंहाराच्या ख्यातनाम अभ्यासक अ‍ॅलिसन द फोर्ज यांचाही समावेश होता.

प्रवाशांच्या तिकिटांवर कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीचे नाव होते. विमान मात्र कोलगन एअर ही प्रादेशिक कंपनी चालवीत होती. मोठ्या कंपन्यांनी छोट्या शहरांकडे जाणारी उड्डाणे अशा कंपन्यांकडे कंत्राटाने सोपवायची, ही पद्धत अमेरिकेत तोवर चांगलीच रुळली होती. देशांतर्गत उड्डाणांपैकी जवळपास निम्मी उड्डाणे प्रादेशिक कंपन्यांमार्फत होत असत. विमानाचा रंग आणि नाव मोठ्या कंपनीचे, पण वैमानिकांची भरती, प्रशिक्षण आणि वेतन छोट्या कंपनीचे, याची कल्पना बहुतेक प्रवाशांना नव्हती.

चौकशीत काय आढळले?

विमानाच्या पंखांवर बर्फ साचल्याने अपघात झाला असावा, असा प्रारंभीचा कयास होता. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०१० मध्ये काढलेला निष्कर्ष वेगळा होता. बर्फाचा विमानाच्या कामगिरीवर फारसा परिणाम झालेला नव्हता. उतरताना विमानाचा वेग सतत घटत गेला आणि ते दोघाही वैमानिकांच्या लक्षात आले नाही. धोक्याची सूचना देण्यासाठी नियंत्रण दांडा थरथरू लागला, तेव्हा विमानाचे नाक खाली करून वेग वाढविण्याऐवजी मुख्य वैमानिकाने दांडा मागे ओढला. त्यामुळे पंखांची उचल नाहीशी झाली आणि विमान पुन्हा सावरले नाही. दांडा थरथरला त्या क्षणी विमान सावरण्यास पुरेसा वाव होता, ही यातील सर्वांत क्लेशदायक बाब.

दहा हजार फुटांखाली कॉकपिटमध्ये अवांतर बोलण्यास मनाई असते. तरीही उतरण्यापूर्वीच्या मिनिटांत दोघांमध्ये नोकरीतील संधींविषयी गप्पा सुरू होत्या. बर्फाळ हवामानात वेग निश्चित करण्याची कंपनीची कार्यपद्धती अपुरी होती, असा ठपकाही मंडळाने ठेवला.

भरतीतील त्रुटी

मुख्य वैमानिक २००५ मध्ये कंपनीत दाखल झाला, तेव्हा त्याच्या नावावर अवघे ६१८ उड्डाणतास होते. परवान्यांसाठीच्या तीन चाचण्यांमध्ये तो पूर्वी अनुत्तीर्ण झाला होता. अर्जात त्याने एकाच अपयशाचा उल्लेख केला. उमेदवाराच्या आधीच्या मालकाकडून नोंदी मागविण्याचे बंधन कंपन्यांवर १९९६ च्या कायद्याने होते. सरकारी चाचण्यांतील अपयशाची माहिती मात्र त्यात आपोआप मिळत नसे. कंपनीने ती स्वतंत्रपणे मिळविली नाही.

वेतनाचा आणि विश्रांतीचा प्रश्नही चौकशीत पुढे आला. २४ वर्षांच्या सहवैमानिकेची आधीच्या वर्षाची कमाई सुमारे १६ हजार डॉलर होती. ती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिएटलजवळ राहत होती आणि रात्रभर विमानप्रवास करून कामावर हजर झाली होती. मुख्य वैमानिकाने आदली रात्र विमानतळावरील कर्मचारी कक्षात काढली होती. थकवा हे अपघाताचे कारण होते काय, यावर मंडळाच्या सदस्यांमध्ये मतभेद राहिले. परंतु तो प्रश्न दुर्लक्षिण्याजोगा नाही, हे सर्वांनाच मान्य झाले.

कायद्यातील बदल

मृतांच्या नातेवाइकांनी संघटित होऊन वॉशिंग्टनमध्ये चिकाटीने पाठपुरावा केला. त्याचे फलित म्हणजे १ ऑगस्ट २०१० रोजी संमत झालेला हवाई सुरक्षा कायदा. पूर्वी सहवैमानिकाला २५० तासांचा व्यावसायिक परवाना पुरत असे. २०१३ पासून दोन्ही वैमानिकांना वरिष्ठ श्रेणीचा परवाना सक्तीचा झाला. लष्करातील वैमानिकांना ७५० तासांची, तर हवाई वाहतूक विषयातील पदवीधरांना १००० तासांची सवलत ठेवण्यात आली. कामाचे तास आणि विश्रांतीचे नवे नियम २०१४ मध्ये लागू झाले. विमानाची उचल संपल्यास ते कसे सावरावे, याचे सिम्युलेटरवरील प्रशिक्षणही २०१९ पर्यंत सर्व कंपन्यांना बंधनकारक झाले. तिकीट विकताना उड्डाण नेमकी कोणती कंपनी चालविणार, हे संकेतस्थळावर ठळकपणे सांगण्याची अटही या कायद्याने घातली. कोलगन एअर २०१२ मध्ये बंद पडली.

तास मोजावेत की प्रशिक्षण?

या नियमावरील मुख्य आक्षेप साधा आहे. अपघाताच्या वेळी मुख्य वैमानिकाकडे ३३७९ आणि सहवैमानिकेकडे २२४४ तासांचा अनुभव होता. म्हणजे नवा नियम तेव्हा असता, तरी त्या रात्री ते दोघेही उड्डाणास पात्र ठरले असते. एका इंजिनाच्या छोट्या विमानात, निरभ्र हवेत, शिकाऊ विद्यार्थ्यांबरोबर काढलेल्या शेकडो तासांमुळे प्रवासी विमान हाताळण्याचे कौशल्य येतेच असे नाही, असे टीकाकार म्हणतात. नियमामुळे वैमानिकांची टंचाई निर्माण होऊन छोट्या शहरांची विमानसेवा खंडित झाली, अशीही कंपन्यांची तक्रार आहे.

समर्थकांचे उत्तर असे, की हा अनुभव नोकरीवर असताना, प्रवाशांना सोबत घेऊन मिळविण्याऐवजी आधीच मिळालेला असतो. नियमाचा दुसरा परिणाम वेतनावर झाला. उमेदवार दुर्मीळ झाल्याने कंपन्यांना पगार वाढवावे लागले. २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नवख्या सहवैमानिकांना तासाला ९० डॉलर देऊ केले. त्याच वर्षी रिपब्लिक एअरवेजने स्वतःच्या प्रशिक्षणार्थींसाठी ७५० तासांची मागितलेली सवलत हवाई वाहतूक प्रशासनाने नाकारली. २०२४ च्या कायद्यातही मूळ निकष कायम राहिला.

बफेलोनंतर तब्बल सोळा वर्षे अमेरिकी प्रवासी विमान कंपन्यांचा तसा मोठा अपघात झाला नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनजवळ पीएसए एअरलाइन्सच्या विमानाची लष्करी हेलिकॉप्टरशी टक्कर होऊन ६७ जणांचा बळी गेला. पण त्या अपघाताचे स्वरूप वेगळे होते. सोळा वर्षांच्या सुरक्षिततेचे श्रेय एकट्या १५०० तासांना द्यावे, की विश्रांती आणि प्रशिक्षणाच्या नियमांना, हे वेगळे काढणे कठीण आहे.

नोंदींचे महत्त्व

भरतीपूर्वी उमेदवाराचा पूर्वेतिहास तपासण्याचा मुद्दा मात्र वादातीत ठरला आहे. वैमानिकांच्या सर्व नोंदींचे मध्यवर्ती दप्तर उभारण्याचा आदेश २०१० च्या कायद्यातच होता. त्याचा अंतिम नियम २०२१ मध्ये निघाला. दरम्यान फेब्रुवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये अ‍ॅटलास एअरचे मालवाहू विमान कोसळून तिघे ठार झाले. त्याच्या सहवैमानिकाने आधीच्या कंपन्यांतील प्रशिक्षणातले अपयश दडवून नोकरी मिळविली होती. मंडळाने या दप्तराच्या दिरंगाईलाही दोष दिला.

भारतालाही हा प्रश्न अपरिचित नाही. येथे मुख्य वैमानिकाच्या परवान्यासाठी १५०० तासांची अट आहे. २०११ मध्ये काहींनी बनावट गुणपत्रिकांच्या आधारे तो परवाना मिळविल्याचे उघड झाले आणि नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाला परवान्यांची फेरतपासणी करावी लागली. तासांची अट कितीही मोठी ठेवली, तरी नोंदी खऱ्या असतील आणि कंपनी त्या वाचण्याची तसदी घेईल, तरच तिला अर्थ उरतो.