पाणी किती तापवायचे, हे पान ठरवते

तापमान ठरवता येणाऱ्या विजेच्या केटल्या आता आपल्याकडच्या दुकानांतही दिसू लागल्या आहेत. ७०, ८०, ९०, १०० असे आकडे दाखवणारे बटण आणि किंमत साध्या केटलीच्या दुपटी-तिपटीची. पाहणाऱ्यांची प्रतिक्रिया साधारण दोन प्रकारची असते. काहींना ही श्रीमंती हौस वाटते, कारण चहाचे पाणी उकळायचेच असते. काहींना ते प्रयोगशाळेतून स्वयंपाकघरात आलेले नवे शास्त्र वाटते. चहाचा इतिहास पाहिला तर दोन्ही समजुती चुकीच्या ठरतात. पाण्याला कितपत ताव द्यायचा हा प्रश्न किमान साडेबाराशे वर्षे जुना आहे. त्याचे उत्तर दर काही शतकांनी बदलत आले, आणि प्रत्येक बदलाच्या मुळाशी एकच कारण दिसते: चहाचे पान तयार करण्याची रीत बदलली की पाण्याचा नियमही बदलला. केटली निवडायची तर हे कारण आधी समजून घ्यायला हवे, मग केटलीवरचे आकडे.

आठव्या शतकात, थांग राजवटीत, लू यू याने ‘चा जिंग’ हा चहावरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. तेव्हाचा चहा म्हणजे वाफवून, कुटून, दाबून वाळवलेली वडी. ती विस्तवावर शेकायची, तिचे चूर्ण करायचे आणि ते उघड्या तोंडाच्या भांड्यात पाण्याबरोबर शिजवायचे. थर्मामीटर यायला अजून जवळजवळ हजार वर्षे होती, म्हणून लू यूने पाणी डोळ्यांनी मोजले. माशाच्या डोळ्यांएवढे बुडबुडे आणि बारीक आवाज ही पहिली उकळी. भांड्याच्या कडेने ओवलेल्या मोत्यांसारखे बुडबुडे वर येऊ लागले की दुसरी. लाटा उसळू लागल्या की तिसरी. त्यापुढचे पाणी त्याच्या मते म्हातारे झालेले, पिण्याच्या लायकीचे नाही. पहिल्या उकळीला मीठ घालायचे. दुसरीला एक पळीभर पाणी काढून बाजूला ठेवायचे, मधले पाणी चिमट्याने ढवळून त्यात चूर्ण सोडायचे. भांडे उसळू लागले की ते बाजूचे पाणी परत ओतून उसळी मोडायची. ही पळी म्हणजे तापमानाचे नियंत्रणच होते. बटण नव्हते एवढेच.

सोंग काळात रीत बदलली. चूर्ण आता भांड्यात शिजत नसे. ते वाडग्यात घेऊन त्यावर गरम पाणी ओतायचे आणि फेस येईपर्यंत घुसळायचे. पाणी तापवायला अरुंद तोंडाची सुरई आली आणि नवी अडचण उभी राहिली, कारण सुरईतले बुडबुडे दिसत नाहीत. फूजियान प्रांतात दरबारी चहाची व्यवस्था पाहिलेला त्साय श्यांग हा अधिकारी अकराव्या शतकाच्या मध्यात लिहितो की चहाच्या सगळ्या कामांत पाण्याची वेळ साधणे सर्वांत अवघड. पाणी कच्चे राहिले तर चूर्ण वर तरंगते, जास्त झाले तर तळाला बसते, आणि बंद सुरईत काय चालले आहे ते कळत नाही. त्यामुळे डोळ्यांचे काम कानांकडे आले. तेराव्या शतकात लुओ दाजिंग याने एक पाऊल पुढे टाकले. पाण्याचा आवाज पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्यासारखा झाला की लगेच ओतू नका, ओतलेत तर चहा कडू होईल, असे तो बजावतो. सुरई विस्तवावरून उतरवायची, उकळी बसेपर्यंत थांबायचे, मग ओतायचे. बारीक चूर्णाचा सारा अर्क पाण्यात क्षणात उतरतो, म्हणून पाणी सौम्य हवे. आजची केटली ८० अंशांवर थांबवण्यामागे नेमका हाच हेतू असतो.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र मिंग काळातला आहे. १३९१मध्ये होंगवू सम्राटाने दरबारी नजराण्यातल्या दाबलेल्या वड्या बंद करून सुटे पान पाठवण्याचा हुकूम काढला. वडी, जाते, चाळणी, घुसळणी ही सगळी सरंजामी रीत हळूहळू मागे पडली आणि अख्खे पान पाण्यात भिजवण्याची पद्धत रुजली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जांग युआन हा लेखक या बदलाचा थेट हिशेब मांडतो. त्साय श्यांगला कोवळे पाणी हवे होते, कारण त्याच्या काळी चहा दळला जात असे. आताचे पान अख्खे राहते, म्हणून पाणी पूर्ण पिकलेले हवे, तरच पानातले सत्त्व बाहेर येते. जुन्या आचार्याचा नियम चुकीचा होता असे तो म्हणत नाही. त्या नियमामागचे पानच राहिले नाही, असे तो म्हणतो. चहाच्या साहित्यात इतकी स्वच्छ विचारपद्धती क्वचित आढळते.

यावर एक शंका येईल. जांग युआन हिरव्या चहाला पूर्ण उकळलेले पाणी सांगतो आणि आजचे जाणकार त्याच चहाला ८० अंश सांगतात, मग खरे कोणाचे? पण पाणी उकळणे आणि पानाला भिडताना ते किती गरम असते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चिनी मातीच्या भांड्यात ओतताना पाण्याचा ताव उतरतोच, आणि उन्हाळ्यात आधी पाणी ओतून मग वर पान टाकण्याची रीत खुद्द जांग युआनने नोंदवली आहे. शिवाय हिरव्या चहाचेही प्रकार अनेक. जपानमध्ये हा भेद फार बारकाईने पाळला गेला. १७३८मध्ये उजीजवळच्या नागातानी सोएन याने पान वाफवून, वळून, वाळवण्याची पद्धत बसवली, तोच सेंचा. १८३५च्या सुमारास ग्योकुरो आला. त्याची झाडे खुडणीआधी सुमारे तीन आठवडे आच्छादनाखाली ठेवतात. ऊन कमी मिळाल्याने पानातले थिआनिन टिकते आणि कॅटेचिन कमी बनते. थिआनिन कोमट पाण्यातही सहज विरघळते. तुरट कॅटेचिन आणि कडवट कॅफिन मात्र पाणी जितके तापलेले तितके भराभर उतरते. म्हणूनच सेंचाला ७० ते ८० अंश आणि ग्योकुरोला ५० ते ६० अंश हे प्रमाण पडले. त्यासाठी युझामाशी नावाचे पाणी निववायचे वेगळे भांडेच तिथे वापरतात. रसायनशास्त्राने कारण नंतर सांगितले. जिभेने प्रमाण आधीच बसवले होते.

मग पाणी खळखळा उकळलेलेच हवे, ही समजूत इतकी घट्ट कशी बसली? तिचे मूळ काळ्या चहात आणि ब्रिटिश केटलीत आहे. काळ्या चहाच्या प्रक्रियेत पानातल्या बऱ्याचशा कॅटेचिनचे रूपांतर थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन या द्रव्यांत झालेले असते. रंग आणि कस बाहेर काढायला त्याला उकळते पाणीच लागते. ब्रिटन एकोणिसाव्या शतकात आसाम आणि सिलोनच्या काळ्या चहाकडे वळला, आणि उकळी हा त्या चहापुरता योग्य असलेला नियम चहामात्राचा नियम झाला. १९४६मध्ये जॉर्ज ऑर्वेलने चहावर लिहिलेल्या लेखातही पाणी ओतण्याच्या क्षणी उकळत असले पाहिजे असा आग्रह आहे, आणि तो भारत किंवा सिलोनच्या चहाबद्दल बोलत होता हे लक्षात घेतले तर तो रास्तही आहे.

यंत्राने ही समजूत पक्की केली. १८९०च्या दशकातल्या विजेच्या केटल्यांत तापणारी तार तळाखाली वेगळ्या कप्प्यात असे, त्यामुळे पाणी तापायला फार वेळ लागे. १९२२मध्ये बर्मिंगहॅमच्या बुलपिट कंपनीतल्या लेस्ली लार्जने धातूच्या नळीत बंद केलेली तार थेट पाण्यात बुडवली. १९५५मध्ये रसेल हॉब्स कंपनीची के-१ केटली आली. पाणी उकळले की तिच्यातली वाफ दोन धातूंच्या जोडपट्टीवर जाई, दोन्ही धातू कमीजास्त प्रसरण पावल्याने पट्टी वाके आणि वीज तुटे. फार सुंदर, स्वस्त आणि टिकाऊ युक्ती. पण वाफेवर चालणाऱ्या या पट्टीला एकच तापमान कळत होते. सत्तर किंवा ऐंशी अंश ओळखायचे साधनच तिच्यात नव्हते. लुओ दाजिंगच्या कानाला जे जमत होते ते या यंत्राला जमत नव्हते, आणि पुढच्या कित्येक पिढ्या या यंत्राचीच मर्यादा चहाचा नियम म्हणून शिकल्या. पाण्याचा ताव सतत मोजणारा थर्मिस्टर आणि त्याप्रमाणे वीज सोडणारे इलेक्ट्रॉनिक मंडल घरगुती केटलीत आले, तेव्हा कुठे हे बंधन सुटले.

आणखी एक आक्षेप विचारात घ्यायला हवा. चहा करण्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण, १९८०चे आयएसओ ३१०३, उकळते पाणीच सांगते: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटे. पण ते प्रमाण चहा पारखणाऱ्यांसाठी आहे. वेगवेगळे नमुने एकाच कसोटीवर यावेत, पानातले दोषही उघडे पडावेत, यासाठी ते बनवले गेले. रुचकर चहाची कृती सांगणे हा त्याचा हेतूच नाही.

आपल्याकडचा आक्षेप याहून जवळचा आहे. महाराष्ट्रात चहा भिजवत नाहीत, उकळतात. पुण्यातले अमृततुल्य असो की घरचे पातेले, आधणात साखर, आले, चहाची पूड आणि दूध एकत्र उकळते. ही रीत अडाणी आहे असे मानणाऱ्यांशी मी मुळीच सहमत नाही. भारतातला बहुतांश चहा सीटीसी, म्हणजे रोलरांमध्ये चिरडून, फाडून, गोळी वळलेला. हे यंत्र १९३०च्या दशकात आसामात आले. ही गोळी कडक अर्क देण्यासाठीच बनते आणि तिचा तुरटपणा दुधातले केसीन बांधून ठेवते. तिला खळखळती उकळीच शोभते. पान बदलले की पाणी बदलते, हा नियम आपल्या पातेल्यालाही लागू होतो.

म्हणून निवड करताना आधी डबा उघडून पान पाहावे. घरात फक्त दुधाचा चहा होत असेल तर या केटलीवर पैसे घालवू नयेत. दार्जिलिंग, आसामचे अख्खे काळे पान आणि चीनचा जुना पुअर हेच पीत असाल तर साधी केटली पुरे. दार्जिलिंगच्या पहिल्या खुडणीला मात्र पाणी जरासे निवू द्यावे. अधूनमधून हिरवा चहा घेणाऱ्यालाही लुओ दाजिंगची युक्ती फुकट उपलब्ध आहे: उकळू द्या, उतरवा, थांबा. तापमान ठरवणारी केटली तिथे खरी उपयोगी पडते जिथे एकाच ओट्यावर सेंचा, ऊलाँग आणि काळा चहा तिन्ही रोज होतात, किंवा जिथे थांबायला सवड नसते. अशा घराने ७० ते १०० अंशांमध्ये किमान चार टप्पे आणि ताव टिकवून ठेवण्याची सोय पाहावी. ग्योकुरोसाठी त्याहून खालचा टप्पा लागतो. हंसाच्या मानेसारखी बारीक चोच कॉफीसाठी असते, चहाला तिची गरज नाही. कपभरच पाणी तापवायचे असेल तर केटलीवरची किमान पातळी तपासावी, कारण थोड्या पाण्यात ताव ठरवलेल्या आकड्यापुढे सहज जातो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तेव्हा १००चा आकडा दिसला नाही म्हणून केटली बिघडली असे समजू नये. आणि नळाचे पाणी गाळलेले किंवा शुद्ध केलेले नसेल तर ते थेट ७० अंशांवर थांबवू नका. आधी उकळा, मग निववा.