दोराच्या टोकाची गाठ

श्रोतेहो, नवा दोर वळला म्हणजे शेतकरी त्याच्या टोकाला गाठ मारतो. गाठ सुटली की पीळ उलगडतो आणि चांगला दोर वाया जातो. आपल्या पेशींतही असाच एक पीळदार दोर आहे. त्याला डी. एन. ए. म्हणतात. त्याच्या टोकाची गाठ कशी सापडली, आणि मधुमेहाशी तिचे नाते काय, ते आज सांगावयाचे आहे.

१९१२ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्सी कॅरेल यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा तुकडा काचपात्रात वाढवावयास घेतला. कॅरेल १९४४ साली वारले, तरी त्या पेशी १९४६ पर्यंत वाढत राहिल्या. त्यावरून पेशी अमर आहेत, असे ठरून गेले. कॅरेल नोबेल पारितोषिकाचे मानकरी. त्यांचे कोण खोटे म्हणणार?

फिलाडेल्फियातील लिओनार्ड हेफ्लिक यांच्या पात्रातील पेशी मात्र सुमारे ५० वेळा दुणावल्या की थांबत. चूक आपलीच तर नसेल? त्यांनी पुरुषाच्या जुन्या पेशी व स्त्रीच्या ताज्या पेशी एकाच पात्रात मिसळल्या. काही काळाने पाहतात तो फक्त ताज्या उरलेल्या! दोष पात्रातला असता तर दोन्ही थांबल्या असत्या. १९६१ साली त्यांनी व पॉल मूरहेड यांनी हे प्रसिद्ध केले. कॅरेल यांच्या पात्रात गर्भाच्या रसाबरोबर नव्या पेशी शिरत असाव्यात, असे आता मानतात.

पण पेशी मोजते कशी? तळ्यातल्या एका सूक्ष्म जीवात एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना डी. एन. ए.च्या टोकाची रचना दिसली. हीच आपली गाठ, म्हणजे टेलोमियर. पेशी दुणावताना ती थोडी थोडी झिजते. ती भरून काढणारे द्रव्य १९८४ साली त्यांच्या विद्यार्थिनी कॅरल ग्रायडर यांना सापडले. पण आपल्या बहुतेक पेशींत ते फार थोडे असते. २००९ साली या दोघींना व जॅक शोस्टाक यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता मधुमेहाकडे वळू. २००५ साली चेन्नईच्या संशोधकांनी दाखविले की, प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहाच्या, म्हणजे टाइप २ मधुमेहाच्या, भारतीय रोग्यांत ही टोके निरोगी माणसांपेक्षा आखूड असतात. रक्तातली साखर सतत चढी राहिली की पेशीत दाहक द्रव्ये वाढतात, आणि ती डी. एन. ए.ला इजा करतात. उलट, थकलेल्या पेशी मरत नाहीत. त्या आजूबाजूला दाह पसरवितात. मग इन्शुलिनचा अंमल कमी होतो आणि साखर आणखी चढते. असे हे रहाट चालते.

ते मंद करणे पुष्कळसे आपल्या हाती आहे. रोज चालावे, बेताने जेवावे, साखर वेळेवर तपासून घ्यावी, वैद्याने दिलेले औषध सोडू नये.

आणि गुरुजनहो, मुलांना हेफ्लिक यांचे ते पात्र अवश्य सांगा. पन्नास वर्षे मानलेली गोष्ट एका साध्या प्रयोगाने खोटी ठरली. मोठ्यांचा मान राखावा, पण पडताळा आपण घ्यावा.