वसईचा तट, मराठ्यांचे सुरुंग आणि मुंबईचा खंदक

#धागा

शीव स्थानकाजवळच्या टेकडीवर एक पडका किल्ला आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी ही टेकडी म्हणजे सरहद्द होती. तिच्या दक्षिणेस इंग्रजांची मुंबई आणि उत्तरेस पोर्तुगीजांचे साष्टी बेट. आजचे घाटकोपर या साष्टीत मोडते.

मार्च 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा कोट घेतला आणि साष्टीवरील पोर्तुगीज अंमल कोसळला. त्याच वर्षी मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याने धारावीला मिठी नदीच्या काठी एक लहानसा किल्ला उभारला. धारावीकर त्याला काळा किल्ला म्हणतात. त्याच्या भिंतीवरील शिलालेखात हॉर्नचे नाव आणि 1737 हे साल आहे.

सरहद्दीवर चौकी उभारून इंग्रजांची धास्ती मात्र गेली नाही. दोन वर्षांनी वसईस जे घडले, त्यानंतर तर त्यांना स्वतःच्या तटाचाच भरवसा वाटेनासा झाला. का, हे समजण्यासाठी आधी तट आणि तोफ यांचे नाते पाहावे लागते.

तोफ येण्यापूर्वी तटाचे बळ उंचीत होते. शिडी लावणे अवघड व्हावे, एवढाच त्याचा हेतू. लोखंडी गोळा आला आणि हीच उंची अंगलट आली. उंच, सडपातळ भिंतीच्या पायाजवळ सतत गोळे बसले की वरचा सारा भार खाली येतो, आणि पडलेल्या दगडांचाच चढाव शत्रूला आयता मिळतो.

1494 मध्ये फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सने तोफखान्यासह इटलीवर स्वारी केली. तेथील वास्तुकारांनी या अनुभवातून नवा तट घडवला. तो बुटका आणि जाड असे. दगडी कवचामागे मातीचा भराव घातलेला असे, कारण दगड गोळ्याच्या आघाताने फुटतो, माती तो आघात पोटात घेते. गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा अशी उरते, की तिथे शेजारच्या बुरुजावरून मारा पोहोचत नाही. म्हणून बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनदार झाले. एका बुरुजाच्या बगलेवरील तोफ शेजारच्या बुरुजाचे तोंड झाडून काढी.

1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि हे शास्त्र कोकणात आले. वसईचे कोनदार बुरूज आजही हिंडून पाहता येतात. दक्षिणेस खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस दलदल. हल्ला करायचा तर उत्तरेकडील जमिनीच्या बाजूने, आणि पोर्तुगीजांची खरी तयारी तिथेच होती.

सह्याद्रीतील मराठ्यांचा अनुभव वेगळा होता. डोंगरी किल्ल्याचे खरे चिलखत म्हणजे चढ. 1665 मध्ये पुरंदरला भिडलेल्या दिलेरखानास आधी शेजारच्या वज्रगडावर तोफा चढवाव्या लागल्या. तिथे काळ्या पाषाणात बोगदा खणणे महाकठीण. वसईचा तट मात्र किनाऱ्यावरच्या भुसभुशीत जमिनीत उभा होता. जो तट समोरून येणाऱ्या गोळ्यासाठी घडवला, त्याच्या पायाखाली शिरता येत होते.

फेब्रुवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वेढा घातला. अप्पा म्हणाले, किल्ला येत नसेल तर माझे मस्तक तोफेच्या तोंडी देऊन आत टाका, ही कथा सर्वांना पाठ असते. त्या कथेमागे महिनोन्‌महिने माती उपसणारी माणसे झाकली जातात, ही खेदाची गोष्ट आहे. वसई घेतली ती मुख्यतः त्यांनी.

सुरुंगाचे काम असे. मोर्चे तटाच्या शक्य तितके जवळ न्यायचे. तिथून भुयार खणत बुरुजाच्या पायाखाली पोहोचायचे. टोकाशी कोठडी करून तीत दारू ठासायची, वात मागे आणायची आणि मधला मार्ग पुन्हा मातीने घट्ट बुजवायचा. ही शेवटची पायरी सर्वांत महत्त्वाची, कारण स्फोटाचा दाब सर्वांत कमी विरोधाची वाट शोधतो. भुयार मोकळे राहिले तर तो मागे, खणणाऱ्यांच्याच अंगावर येतो. नीट बुजवले तर वर जातो आणि बुरूज उचलतो.

बचावाचे उपायही होते. अशा युद्धात जमिनीवर ढोल ठेवून त्यावर दाणे पसरत. दाणे थरथरले की खाली कुदळ चालू आहे असे समजायचे आणि आतून उलटे भुयार खणून शत्रूचे भुयार निकामी करायचे.

मे महिन्यात वसईचे सुरुंग उडवले. तटाला खिंडार पडताच मराठे आत घुसले. पण सारे सुरुंग एकाच वेळी पेटले नव्हते. मागे राहिलेला सुरुंग चढाई करणाऱ्यांच्या पायाखालीच उडाला. वातीच्या जळण्यात पडलेल्या थोड्या फरकाने शेकडो घरांत सुतक आणले. वरून पोर्तुगीज हुक्के, म्हणजे दारू भरून वात लावलेले हातगोळे, टाकत होते. मराठे मागे हटले आणि पुन्हा चालून गेले. अखेर किल्ला शरण आला. उरलेल्या शिबंदीला शस्त्रांसह सन्मानाने बाहेर पडू दिले, याची दखल पोर्तुगीजांनीही घेतली.

वेढ्यातील मृत आणि जखमींचे आकडे ग्रँट डफने दिले आहेत: मराठ्यांकडील 5,000 हून अधिक, पोर्तुगीजांकडील 800. पडता पडताही तटाने आपल्या माणसांना किती वाचवले, ते या दोन आकड्यांतून दिसते.

मुंबईकर इंग्रजांनी यातून बोध घेतला. कॅप्टन इंचबर्डला चिमाजी अप्पांकडे आणि कॅप्टन गॉर्डनला साताऱ्यास शाहू छत्रपतींकडे पाठवून त्यांनी सलोखा साधला. त्याच वेळी कुदळीही हाती घेतल्या. शहराभोवती तट होता, खंदक नव्हता. 1739 मध्ये शहरातील प्रमुख व्यापाऱ्यांनी खंदकासाठी 30,000 रुपये जमवून दिले. काम पुढे काही वर्षे चालले आणि खर्च अडीच लाखांपर्यंत गेला. खंदक असला की भुयार अधिक खोल न्यावे लागते, आणि समुद्रालगत खोल गेले की पाणी लागते.

कोलकात्याचा 1742 चा ‘मराठा खंदक’ इतिहासात नावासह टिकला. मुंबईचा खंदक त्याच्या तीन वर्षे आधीचा, पण त्याला तसे नाव मिळाले नाही.

खंदकाबरोबर तटासमोरील जागा मोकळी ठेवण्याचा विचारही बळावला. झाड, घर, माडांची वाडी, काहीही शत्रूच्या मोर्च्याला आडोसा ठरू शकत होते. म्हणून तोफेचा मारा निर्वेध व्हावा, यासाठी तटापासून दूरवर पट्टा साफ केला गेला आणि पुढील दशकांत तो वाढतच गेला. 1860 च्या दशकात तट पाडले, खंदक बुजवले. मोकळा पट्टा तेवढा उरला. तो एस्प्लनेड, आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल हे त्याचेच तुकडे.