कॅथेटर : एका उपकरणाचा इतिहास आणि धोक्याचा प्रश्न (१९२९ ते १९७७)

वैद्यकीय उपकरणांचे इतिहास बहुधा संशोधकांच्या नामावलीच्या रूपाने लिहिले जातात. अमक्याने अमुक साली अमुक शोध लावला, एवढे सांगितले म्हणजे इतिहास पुरा झाला, अशी समजूत रूढ आहे. हृदय व रक्तवाहिन्या यांच्या उपचारांत आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या कॅथेटरचा, म्हणजे शरीरात सरकविता येणाऱ्या बारीक नळीचा, इतिहास पाहिला असता ही समजूत अपुरी ठरते. नळी ही वस्तू जुनीच होती. मूत्राशय रिकामे करण्यासाठी ती कित्येक शतके वापरात होती. नवे होते ते तिच्याकडून करून घ्यावयाचे काम, आणि त्या कामातील धोका कोणी पत्करावयाचा, या प्रश्नाचे वेळोवेळी दिले गेलेले उत्तर. प्रस्तुत लेखात या इतिहासातील चार टप्पे याच दृष्टीने तपासावयाचे आहेत.

पहिला टप्पा १९२९ मधील होय. बर्लिनजवळील एबर्सवाल्डे येथील रुग्णालयात व्हेर्नर फोर्समान हे तरुण डॉक्टर काम करीत होते. औषध थेट हृदयात पोहोचविण्याचा सुरक्षित मार्ग शोधावा, हा त्यांचा हेतू होता. वरिष्ठांनी प्रयोगास परवानगी नाकारली. एका परिचारिकेने स्वतःवर प्रयोग करू देण्याची तयारी दाखविली. परंतु फोर्समान यांनी मूत्रवाहिनीसाठी वापरली जाणारी नळी आपल्याच डाव्या हाताच्या नीलेतून सुमारे ६५ सेंटिमीटर आत सारली, आणि क्ष-किरण विभागात जाऊन तिचे टोक हृदयात पोहोचल्याचे चित्र घेतले. न्यूयॉर्कमध्ये आंद्रे कूर्नां व डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० नंतरच्या दशकात हीच पद्धत हृदयातील दाब व रक्तातील प्राणवायू मोजण्यासाठी विकसित केली. तिघांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ हेतू उपचाराचा होता, फल मात्र प्रथम निदानाचे मिळाले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा टप्पा टॉमस फोगार्टी यांचा. सिनसिनाटी येथील रुग्णालयात विद्यार्थिदशेत काम करीत असता, पायाच्या रोहिणीत रक्ताची गुठळी अडकलेल्या रुग्णांचे हाल त्यांनी पाहिले होते. गुठळी काढण्यासाठी रोहिणी लांबवर उघडावी लागे. पुष्कळदा पाय जाई, कधी प्राणही जाई. फोगार्टी यांनी मूत्रमार्गाच्या नळीच्या टोकाला शस्त्रक्रियेच्या रबरी हातमोज्याच्या करंगळीचा तुकडा बांधला. मासेमारीच्या गळाला कृत्रिम माशी बांधताना जी गाठ मारतात, तिचे कसब येथे कामी आले. मिटलेला फुगा गुठळीपलीकडे न्यावयाचा, तेथे फुगवावयाचा आणि गुठळीसह मागे ओढावयाचा, अशी ही युक्ती. १९६१ मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली गेली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली.

तिसरा टप्पा चार्ल्स डॉटर यांचा. १६ जानेवारी १९६४ रोजी ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे त्यांच्याकडे ८२ वर्षांची एक वृद्धा आली. तिच्या पायाला कोथ झाला होता. पाय कापावा, असा शल्यचिकित्सकांचा सल्ला होता आणि तिने तो नाकारला होता. डॉटर यांनी मांडीच्या अरुंद झालेल्या रोहिणीतून प्रथम तार आणि तिच्यावरून क्रमाने जाड होत जाणाऱ्या नळ्या नेऊन मार्ग रुंद केला. पाय वाचला. मात्र या रीतीत जेवढी रुंदी हवी, तेवढीच जाड नळी त्वचेतून आत घालावी लागे. हृदयाच्या सूक्ष्म रोहिण्यांना ती परवडणारी नव्हती.

ही अडचण चौथ्या टप्प्यात आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिच येथे दूर केली. रबरी फुगा मऊ गुठळी ओढण्यास योग्य; परंतु कठीण अडथळ्याशी गाठ पडली, की तो जिथे विरोध कमी तिथेच फुगतो. म्हणून त्यांनी घरातील स्वयंपाकाच्या टेबलावर खटपट करून पॉलिव्हिनिल क्लोराइडचा असा लांबट फुगा सिद्ध केला, की जो दाब वाढला तरी ठरलेल्या व्यासापलीकडे फुगत नसे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्यांनी ३८ वर्षांच्या रुग्णाची हृद्रोहिणी अशा फुग्याने रुंद केली.

आता धोक्याच्या प्रश्नाकडे वळू. फोर्समान यांनी स्वतःचे शरीर पणास लावले. ते धैर्य निःसंशय असामान्य होते. पण एका निरोगी देहावरून रुग्णाविषयी फारसे सिद्ध होत नाही. फोगार्टी व डॉटर यांच्यासमोर अवयव गमावण्याच्या बेतात असलेले रुग्ण होते. तेथे प्रयोगाचे समर्थन पर्यायांच्या अभावातच होते. ग्रुंट्झिग यांची स्थिती अधिक अवघड होती. हृद्रोहिणीला वळसा देणारी शस्त्रक्रिया तोवर रुळली होती; त्यांच्या रुग्णाला दुसरा मार्ग उपलब्ध होता. म्हणून त्यांनी शल्यचिकित्सकांना सज्ज ठेवले, आणि १९७९ मध्ये पहिल्या ५० रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध करताना ३२ ठिकाणीच यश आले व ५ रुग्णांवर तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, हेही नमूद केले. त्याच वर्षी अमेरिकेत अशा सर्व उपचारांची सामाईक नोंदवही सुरू झाली. रुंद केलेली रोहिणी पुष्कळदा पुन्हा आकुंचन पावते, हा दोष उघडपणे मोजला गेला. त्यावरील उपाय म्हणून १९८६ मध्ये तूलूज व लोझान येथे धातूच्या जाळीचे स्टेंट प्रथम बसविले गेले.

यावरून असे म्हणता येईल, की या उपकरणाची प्रगती नळीच्या बांधणीत जितकी आहे, तितकीच ती पुराव्याच्या रीतीत आहे. जसजसा रुग्णापुढे अन्य पर्याय उपलब्ध होत गेला, तसतशी संशोधकावर अपयश मोजून सांगण्याची जबाबदारी वाढत गेली. एकट्याच्या साहसाची जागा नोंदवहीने घेतली, तेव्हाच कॅथेटर हे उपचाराचे विश्वसनीय साधन ठरले. उपकरणांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने म्हणून वस्तूबरोबर तिची नोंदवहीही उघडून पाहणे अगत्याचे आहे.