तारुण्यांतील कंपवात

कंपवात म्हटला कीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एखादे वृद्ध गृहस्थ उभे राहतात. पाठ वाकलेली, पाऊल फरपटणारें, हातांतला पेला सांवरतांना होणारी तारांबळ. हें चित्र खोटें नाहीं, परंतु अपुरें आहे, आणि त्याच्या अपुरेपणाचें प्रायश्चित्त तरुण रोग्यांस भोगावें लागलें आहे. ज्याची तिशी नुकतीच उलटली आहे, ज्याच्या शिरावर संसाराचा सारा भार आहे, अशालाही हा विकार गांठतो. एकविशीनंतर आणि चाळिशीच्या, कांहींच्या मतें पन्नाशीच्या आंत तो सुरू झाला म्हणजे तज्ज्ञ त्यास तारुण्यांतील कंपवात म्हणतात.

१८१७ सालीं लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं या रोगावर एक छोटेखानी निबंध लिहिला. त्यांत वर्णिलेले रोगी अवघे सहा. त्यांपैकीं कांहीं तर रस्त्यानें जातांना सहज दृष्टीस पडलेले. ज्यांचें वय नोंदलें आहे ते सगळे पन्नाशी उलटलेले होते. एवढ्याशा सामग्रीवरून त्यांनीं रोगाचें जें रूप रेखाटलें, तें इतकें नेमकें उतरलें कीं पॅरिसचे विख्यात वैद्य शार्को यांनीं १८७० नंतरच्या दशकांत रोगास पार्किन्सन यांचेंच नांव द्यावें असें सुचविलें. कंप नसतांही हा रोग असूं शकतो, हेंही शार्को यांनीं बजावलें होतें. पण निबंधांतील ते म्हातारे लोकांच्या मनांत असे ठसले कीं तरुण रोगी हा अपवादच मानला जाऊं लागला.

तरुण रोगी कोणाच्या पाहण्यांत नव्हते असें नाहीं. १९१७ सालीं न्यूयॉर्कच्या रॅम्से हंट यांनीं कुमारवयांत जडणाऱ्या कंपवाताचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं व्हिएन्नाचे फॉन इकॉनॉमो यांनीं मेंदूला सूज आणणाऱ्या एका निद्रारोगाची हकीकत दिली. त्याच्या साथींतून वांचलेल्या पुष्कळ तरुणांना पुढें कंपवातासारखीच जडता आली. त्यामुळें तरुणाचा कंपवात म्हणजे त्या साथीचा अवशेष, असें समजण्याकडे बराच काळ कल राहिला.

उपायाचा धागा मात्र हिंदुस्थानांतूनही गेला आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत मांडला, आणि पाश्चात्य वैद्यांचें लक्ष त्या मुळीकडे वेधलें. १९५२ सालीं तिच्यांतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तें देऊन स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनीं १९५७ सालीं सशांना निश्चल केलें आणि मग डोपा नांवाचें द्रव्य टोंचतांच ते पुनः हालूं लागले. हाच डोपा १९३७ सालीं मद्रासच्या दामोदरन् व रामस्वामी यांनीं खाजकुइलीच्या बियांतून काढला होता. (त्या बिया घरीं कुटून घेण्याचा मोह कोणीं धरूं नये, मात्रेचा अंदाज राहत नाहीं.) १९६० सालीं व्हिएन्नांत रोग्यांच्या मेंदूंत डोपामीनची उणीव सिद्ध झाली, आणि १९६७ सालीं अमेरिकेंत डॉ. कोट्झियास यांनीं डोपाच्या मोठ्या मात्रा पोटांत देऊन जखडलेल्या रोग्यांना चालतें केलें.

तरुणांना या औषधाचा गुण उत्तम येतो. पण कांहीं वर्षांतच अंग आपोआप वळवळूं लागणें, मात्रेचा असर अकालीं ओसरणें हे उपद्रवही त्यांनाच लौकर होतात. म्हणून औषध होतां होईल तों लांबणीवर टाकावें अशी चाल पडली. ज्या वयांत हात चालला तरच चूल पेटावयाची, त्या वयांत हा सावधपणा महाग पडे. आतां रोजचें काम अडूं लागलें म्हणजे तज्ज्ञ सहसा औषध अडवून धरीत नाहींत.

विशेष हें कीं, ज्यांना अपवाद मानलें त्या तरुणांकडूनच रोगाचें कोडें पुष्कळसें उलगडलें. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत कांहीं तरुण व्यसनी एकाएकीं पुतळ्यासारखे थिजले. चोरून बनविलेल्या अमली पदार्थांत एम्-पी-टी-पी नांवाचें विष मिसळलें गेलें होतें, आणि कंपवातांत मेंदूचा जो काळसर भाग झिजतो नेमका तोच त्यानें जाळला होता, असें डॉ. विल्यम लँग्स्टन यांना आढळलें. जपानांत १९७३ सालीं यामामुरा व त्यांचे सहकारी यांनीं तारुण्यांतील कंपवाताचें एक निराळेंच रूप वर्णिलें: झोपेंतून उठल्यावर हातपाय मोकळे, दिवस कलेल तसे जड. पंचवीस वर्षांनीं, १९९८ सालीं, जपानी शास्त्रज्ञांनींच सहाव्या गुणसूत्रावरील ‘पार्किन’ हें जनुक शोधून काढलें. मातापिता दोघेही धडधाकट असतात, पण दोघांकडून सदोष जनुक आलें म्हणजे अपत्यास रोग होतो. म्हणून आते-मामे भावंडांचे विवाह जेथें होतात तेथें, म्हणजे महाराष्ट्रांतही, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. मात्र तारुण्यांतील प्रत्येक कंपवात आनुवंशिक नसतो.

रोग ओळखण्यास लागणारा विलंब हें आजही या रोग्यांचें पहिलें दुःख. कित्येकांत कंप नसतोच. चालतांना एक हात हालेनासा होतो, खांदा आखडतो, पायाचीं बोटें वळतात, अक्षर बारीक होत जातें. आणि रोगी सांधेदुखीचे लेप लावीत बसतो. दुसरें दुःख लपवालपवीचें. अमेरिकन नट मायकेल जे. फॉक्स यांना १९९१ सालीं, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षीं, निदान कळलें. तें त्यांनीं सात वर्षें जगापासून दडवून ठेविलें. १९९८ सालीं तें उघड केलें, २००० सालीं संशोधनासाठीं संस्था काढली, आणि पुढेंही वर्षानुवर्षें अभिनय केला.

तज्ज्ञांचीं हल्लींचीं व्याख्यानें म्हणूनच नुसत्या गोळ्यांवर थांबत नाहींत. नियमित व दम लागेलसा व्यायाम करावा, गोळीची वेळ चुकवूं नये; दूध, डाळ, मांस यांतील प्रथिनें औषध अंगीं लागूं देत नाहींत, तेव्हां जेवण व गोळी यांत अंतर ठेवावें; खिन्नता हा पुष्कळदां रोगाचाच भाग असतो, तिच्यावरही उपचार घ्यावा. कचेरींत कोणास आणि केव्हां सांगावें, लहान मुलांना कोणत्या शब्दांत सांगावें, या प्रश्नांना मात्र औषधाच्या चिठ्ठीवर जागा नसते. तीं बोलणीं समदुःखी माणसांतच होतात. पुण्यांत रोग्यांचें व त्यांच्या आप्तांचें पार्किन्सन्स मित्रमंडळ अशाच भेटीगांठींसाठीं चालतें.