जात्यावरची स्वप्नं

आमच्या पिंगळीच्या घरात जातं अजून आहे. खुंटा कधीच गेला, तळी मात्र शाबूत आहे. परवा गावी गेले तेव्हा भाच्याची मुलगी त्यावर बसून मोबाईल बघत होती. म्हटलं, "ऊठ बाळा, जात्यावर बसू नये." तर म्हणाली, "का गं आजी? दगडच तर आहे." तिला तिथल्या तिथे काही नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

इतिहास म्हटला की आपल्याला राजे, लढाया आणि सनावळ्या आठवतात. मी शाळेत वर्षानुवर्षं तेच शिकवलं. निजामाची राजवट, १७ सप्टेंबर १९४८, मराठवाडा मुक्त झाला... सगळं फळ्यावर लिहून दिलं. पण घरालाही इतिहास असतो, आणि तो पुष्कळसा कुणाला न दिसलेल्या स्वप्नांनी घडलेला असतो, असं मला या वयात वाटू लागलंय. आमच्याकडच्या बायकांना ती स्वप्नं बोलून दाखवायला एकच जागा होती. पहाटेचं जातं.

याची सुरुवात शोधायची तर आमच्याच जिल्ह्यात सापडते. संत जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच पंढरपुरात नामदेवांच्या घरी आल्या आणि आयुष्यभर त्या घरची कामं करत राहिल्या. दळण, कांडण, शेणी, पाणी. त्यांच्या नावावर तीनशेहून अधिक अभंग आहेत आणि त्यांतल्या कितीतरी अभंगांत विठ्ठल त्यांच्यासोबत कामाला लागलेला दिसतो. दळू लागतो, शेण्या वेचू लागतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईंचं म्हणून एक जातं आजही दाखवतात.

आपण याला भक्ती म्हणतो, आणि ती आहेच. पण दुसऱ्या बाजूनेही बघा. जिला स्वतःचं माणूस नाही अशी एक मोलकरीण, सातशे वर्षांपूर्वी, दळताना समोरची रिकामी जागा आपल्या मनाने भरते. खुंट्यावर दुसरा हात येतो. दळण तेवढंच असतं, पण ती एकटी राहत नाही.

जनाबाईंनंतरही घरोघरच्या बायका हेच करत आल्या. मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात राहून गावोगावच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७ पासून त्या ऐकायलाही मिळतात. त्याच्या कितीतरी आधी साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या होत्या. त्या वाचताना एक गोष्ट लक्षात येते. समोर नाही तेच बाई ओवीत आणते. माहेर, भाऊ, पंढरी.

आता माझ्या मायचं सांगते. मायला भाऊ नव्हता. पण तिच्या ओव्यांतून रोज भाऊ यायचा, घोड्यावर बसून, लाल फेटा बांधून. मला लहानपणी खरंच वाटायचं की आपल्याला एक मामा आहे. एकदा विचारलं, "माय, मामा कधी येणार?" आजी हसली. माय पीठ गोळा करत म्हणाली, "येतो की, रोज पहाटे येतो."

दुसरी ओवी आगगाडीची. पिंगळी हे परभणी–पूर्णा रस्त्यावरचं छोटं स्टेशन. मनमाड–हैदराबाद लाइन इथून गेली ती १९०० च्या सुमारास, निजामाच्या काळात. मी लहान असताना छोटी लाइन होती, मोठी झाली ती १९९० नंतरच्या दशकात. माय कधी शाळेत गेली नव्हती. तिच्या लहानपणी खेड्यातल्या मुलीला शाळा कुठून असणार? गाडीतही ती तेव्हा बसलेली नव्हती. पण तिच्या ओवीत तिची लेक गाडीत बसून शाळेला जायची. मांडीवर पाटी घेऊन!

सासूसमोर हे साध्या बोलण्यात म्हणायची तिची टाप नव्हती. पण ओवीला कुणी उलट उत्तर देत नाही. जात्यावरची बाई काय म्हणते ते घराने ऐकून घ्यायचं, असा रिवाजच होता.

गावातली शाळा संपली तेव्हा घरात विषय निघाला. आजी म्हणाली, बस्स झालं, आता घरकाम शिकू द्या. दादा, म्हणजे माझे वडील, फारसं बोलणारे नव्हते. ते एवढंच म्हणाले, "तिची माय रोज पहाटे सांगतीच आहे. मी पडल्या पडल्या ऐकतो. जाऊ द्या पोरीला." जूनमध्ये मी परभणीच्या गाडीत बसले. बी.ए. आणि नोकरी हे सगळं त्यानंतरचं.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. मायला आनंदच झाला. जुन्याचं उगाच कौतुक नको, अख्ख्या घराची ज्वारी दळणं म्हणजे छाती फुटायचं काम. तिचे खांदे सुटले. पण पहाटेचा तिचा आवाज त्या दिवसापासून बंद झाला, आणि तो बंद झाला हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्या मनाला लागलेली गोष्ट हीच. वर्गात मी बहिणाबाई चौधरींबद्दल किती रंगून सांगायची! बाईंना लिहिता येत नव्हतं, मुलाने, सोपानदेवांनी, गाणी टिपून ठेवली. त्या गेल्या १९५१ साली, आचार्य अत्र्यांनी वही पाहिली आणि १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' निघाली. मुलाने वही केली नसती तर? हा प्रश्न मी दर वर्षी मुलांना विचारायची. स्वतःला मात्र एकदाही विचारला नाही.

निवृत्तीनंतर वही घेऊन मायजवळ बसले तेव्हा ती म्हणाली, "हात फिरल्याबिगर तोंडात येत नाही गं." अकरा ओव्या मिळाल्या. त्यांत गाडीची ओवी नाही. मला तिचा अर्थ आठवतो, शब्द आठवत नाहीत. आता माय नाही.

असो. हे वाचणाऱ्या माझ्या चुलत आणि मावस बहिणींनो, कुणाला ती गाडीची ओवी आठवत असेल तर मला जरूर कळवा. बाकीच्यांनी आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ आजच बसावं, उद्यावर टाकू नये. मोबाईल आहेच हातात.

मी पुढच्या खेपेला सुताराकडून खुंटा बसवून घेणार आहे. मूठभर ज्वारी घालीन आणि त्या पोरीला म्हणेन, फिरव. काय म्हणायचं ते तिचं तिने ठरवावं. या वेळी मी वही घेऊन बसेन.